मागाचा कान

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात गोंदिया येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला पत्र पाठविले त्यात विषय लिहिला होता, 'यंत्रयुग आणि आपला कोष्टी समाज'. विषय फार थोर आहे आणि मी एक साधा यंत्रदुरुस्तीचे काम करणारा मनुष्य आहे. चाळीस वर्षे पाना आणि हातोडा घेऊन मी यंत्रांच्या पोटात डोके घातले. सभेत उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला. तेव्हा यंत्रयुगाविषयी विद्वान बोलतील. मी आपल्यापुढे केवळ एका पट्टीविषयी बोलावे म्हणतो. ही पाहा ती. बोटाएवढी लांब, पोलादी पत्र्याची, वजनाला नसल्यासारखी, आणि हिच्या अंगात धागा ओवण्यासाठी एक छिद्र आहे. मागच्या रांगेतील मंडळींना दिसत नसेल. सभा संपल्यावर जवळून दाखवीन. गिरणीत हिला ड्रॉपर म्हणतात. ही काय करते ते सांगण्यापूर्वी मला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली पाहिजे.

आमचे घराणे मूळचे आंधळगावचे. गोंदिया हा त्या काळी निराळा जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तेव्हा आम्ही सारे भंडारा जिल्ह्याचेच. आजोबा कोशाचे कापड विणीत. उतारवयात त्यांची दृष्टी पार मंदावली होती, तरी सायंकाळी चिमणीच्या उजेडात ते मागावर बसत. मी शेजारी कांड्या भरीत असे. मध्येच त्यांचा हात थांबे आणि ते म्हणत, "धागा तुटला ना बापू. पाह्य बरं कुठं तुटला." मी वाकून पाहावे, तो दोन हजारांवर ताण्याच्या धाग्यांतला एक खरोखरच तुटून लोंबत असे. मला दिसण्यापूर्वी त्यांना तो कसा कळे? मी एकदा विचारले. ते म्हणाले, "माग बोलते. आयकाले शिक." फणीच्या ठोक्याचा आवाज किंचित बदलतो, पायाखालच्या पावड्याचा ताण किंचित सैल पडतो, धोटा जाताना कोठे तरी घासतो. या सगळ्यांचा मिळून जो बोध त्यांना होई तो त्यांना शब्दांत सांगता येत नसे, पण तो कधी चुकत नसे.

ज्याला आज सेन्सर म्हणतात, आणि ज्याला मराठीत संवेदक असा शब्द काढलेला आहे, तो म्हणजे दुसरे तिसरे काही नसून हाच कान होय. यंत्राला काही तरी कळावे, आणि कळल्यावर त्याने काही तरी करावे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या गोंदियाच्या राइस मिलमध्ये काम करणारी अनेक मंडळी येथे बसली आहेत. त्यांनी तांदूळ निवडणारे सॉर्टेक्स यंत्र पाहिलेच असेल. दाणे पन्हळीवरून धारेने खाली पडतात, कॅमेरा प्रत्येक दाण्याचा रंग पाहतो, आणि काळा किंवा पिवळा दाणा दिसला की वाऱ्याची एक बारीक फुंकर त्या एकट्या दाण्याला धारेबाहेर उडवून देते. आपल्या आया-बहिणी सुपात तांदूळ घेऊन जे करीत आल्या तेच हे काम. वेग तेवढा निराळा. तेव्हा संवेदक हा शब्द ऐकून कोणी बिचकू नये.

आता मागाकडे वळू. यंत्रमागाचा पहिला कर्ता म्हणून एडमंड कार्टराइट या इंग्रज धर्मोपदेशकाचे नाव घेतात. त्याने १७८५ मध्ये आपल्या मागाचे पेटंट घेतले. विशेष हे की तोपर्यंत त्याने विणणाऱ्या माणसाला काम करताना पाहिलेच नव्हते! परिणाम व्हायचा तोच झाला. फणी धाडकन आदळे, धोटा फेकणाऱ्या स्प्रिंगा भलत्याच जोरकस, आणि तो माग चालविण्यास दोन धट्टेकट्टे पुरुष लागत व तेही लवकरच थकून जात. पुढे त्याने प्रत्यक्ष विणकरांचे माग पाहिले तेव्हा त्याला आपले आपणच हसू आले असे त्याने लिहून ठेवले आहे. मला या मनुष्याविषयी आदर वाटतो, कारण आपले हसे झाले हे कबूल करणारे संशोधक थोडे. तथापि त्याचा माग बहिरा होता. धागा तुटला तरी तो आपला चालतच राही, आणि कापड फुकट जाई. म्हणून प्रत्येक मागाशी एक मनुष्य डोळे लावून उभा करावा लागे. मग यंत्राचा लाभ तो काय?

हे बहिरेपण दूर होण्यास पन्नासांहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे विल्यम केनवर्दी व जेम्स बुलो या दोघांनी १८४२ च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्यात बाण्याचा काटा होता. जेवणाच्या काट्यासारखे तीन दाते असलेला हा लहानसा काटा फणीच्या कडेला असतो. धोटा गेला आणि बाण्याचा धागा जागेवर असला म्हणजे तो धागा दात्यांना ढकलतो आणि काटा कलतो. धागा नसला तर काटा कलत नाही, त्याची शेपटी एका हलत्या आकड्यात अडकते आणि माग थांबतो. यात वीज नाही, चुंबक नाही. एका धाग्याच्या अंगी असलेल्या नाममात्र जोरावर एवढे मोठे लोखंडी धूड थांबविण्याची ही युक्ती आहे. आणि यातील बुलो हा लहानपणी हातमागावर बसलेला होता, हे ध्यानात घ्यावे.

बाण्याचे झाले, ताण्याचे काय? तेथे ही पट्टी येते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर अशी एकेक पट्टी टांगलेली असते. धागा ताठ आहे तोवर ती त्याच्या आधाराने अधांतरी राहते. धागा तुटला की ती खाली पडते. खाली एक दांडी असते. काही मागांत ती दातेरी असून पुढेमागे सरकत राहते, आणि पडलेली पट्टी तिच्या दातांत अडकली की तिची चाल अडते व माग बंद होतो. काही मागांत दांडीला विजेच्या दोन तारा जोडलेल्या असतात, पट्टी पडली की ती दोहोंना स्पर्श करते, प्रवाह वाहू लागतो, आणि माग थांबून दिवा लागतो. दोन हजार धागे असले तर दोन हजार पट्ट्या. आजोबांच्या एका कानाचे काम करण्यास यंत्राला दोन हजार पट्ट्या लागल्या, हे मी गिरणीत पहिल्या दिवशी पाहिले तेव्हा मला, खरे सांगतो, अभिमानच वाटला.

आता जपानची गोष्ट. साकिची तोयोदा हे एका खेड्यातील सुताराचे चिरंजीव, जन्म १८६७ चा. त्यांची आई घरी मागावर बसून विणीत असे, आणि तिचे कष्ट पाहून या मुलाच्या मनाने मागाचा ध्यास घेतला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. १८९१ मध्ये त्यांनी सुधारलेल्या लाकडी हातमागाचे पेटंट मिळविले. १८९६ मध्ये त्यांचा शक्तीवर चालणारा माग तयार झाला, त्यात बाणा तुटला किंवा संपला तर माग आपण होऊन थांबे. पुढे १९२४ मध्ये जो माग निघाला तो आपला वेग न मोडता रिकामा धोटा टाकून भरलेला धोटा घेई. एक कामगार तीसच्या वर माग सांभाळू शके. ज्या इंग्रजांनी जगाला माग विकले, त्यांच्यापैकीच ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ मध्ये या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. पुढे तोयोदांच्या मुलाने, किइचिरो यांनी, मोटारगाड्यांचा उद्योग उभारला. त्या गाड्या आज गोंदियाच्या रस्त्यावरही धावतात. पाहा, आईच्या मागापासून निघालेला धागा कोठवर गेला!

या गोष्टीत हुशारीइतकाच महत्त्वाचा एक भाग आहे, आणि तो म्हणजे कागद. तोयोदांनी प्रत्येक सुधारणा कागदावर उतरविली, चित्र काढले, सरकारदरबारी नोंदविली. मी तसे केले नाही. त्याची हकीगत सांगतो. हेतू कोणाला दूषण देण्याचा नाही, आणि म्हणूनच गिरणीचे नावही घेत नाही.

मी विशी-बाविशीत एका गिरणीच्या दुरुस्ती खात्यात लागलो. तेथील मागांना विजेच्या पट्ट्या होत्या. कापसाचे तूस हवेत सारखे उडत असे आणि ते त्या दांडीवर बसे. मग पट्टी पडली तरी तुसामुळे तारेला तिचा स्पर्श होत नसे, माग चालूच राही, आणि हातभर कापड बिघडल्यावर कोणाच्या तरी ध्यानी येई. दंड मात्र विणणाऱ्याला. मला आजोबांची आठवण होई. माग पुन्हा बहिरा झाला होता. त्याच्या कानात मळ साठला होता, एवढेच! मी घरून एक जुना कुंचला नेला. आपल्या बायका ताण्याला खळ देताना, म्हणजे पांजणी करताना, जो वापरीत त्यातलाच. त्याचे केस कापून मी एका पातळ पट्टीत बसविले आणि ती पट्टी फणीच्या चौकटीला अशी जोडली की फणीच्या प्रत्येक झोक्याबरोबर कुंचला दांडीवरून हलकेच फिरावा. एका मागावर तीन आठवडे चालविले. त्या मागाचे कापड त्या तीन आठवड्यांत एकदाही बिघडले नाही. आनंदाच्या भरात मी ते वरिष्ठांना तोंडी सांगितले, दाखविले, आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

सहा महिन्यांनी तो कुंचला खात्यातील प्रत्येक मागावर बसला. फलकावर सुधारणा सुचविणाऱ्याचे नाव लागले, ते माझे नव्हते. बक्षिसाची रक्कम किती होती ते आता आठवत नाही. बाबांच्या हातात ती ठेवावी असे वाटले होते तेवढे आठवते. मी रागावलो, एक दिवस कामावर गेलो नाही, मग गेलो. आज इतक्या वर्षांनी त्या माणसावर माझा राग नाही. माझ्याजवळ एक चिठोरेसुद्धा नव्हते, तारीख घातलेले चित्र नव्हते, साक्षीदार नव्हता. मी कोणापाशी काय मागणार होतो?

मोटारीविषयी मी फार बोलणार नाही, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. एवढेच सांगतो की पूर्वी गिरणीत एकच वाफेचे इंजिन असे आणि छताखालून जाणाऱ्या लांब दांड्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक मागाकडे उतरत. एका मागाची गती निराळी ठेवणे त्यात कठीण. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटार आली, आणि आता तर तिच्या फेऱ्या सेकंदाच्या अंशापर्यंत मोजून तिला थांबविता येते. कान आणि हात यांची गाठ पडली ती येथे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. सूतकताईच्या नव्या रिंग चात्यांचा प्रयोग आपल्या देशात करून पाहण्यात ती गिरणी अग्रेसर होती. इकडे राजनांदगावास बी. एन. सी. मिल निघाली. आपल्या समाजातील किती घरांच्या चुली या दोन गिरण्यांवर पेटल्या! आणि दोन्ही गिरण्या २००२ मध्ये बंद पडल्या तेव्हा किती विझल्या, तेही आपण जाणता. यंत्राने आपले केवळ भलेच केले असे मी येथे उभे राहून म्हणणार नाही. गिरणीच्या सुताने आपल्या बायकांचा चरखा बंद पाडला, यंत्रमागाने आपल्या पुरुषांचा हातमाग कोपऱ्यात नेला. पण यंत्राकडे पाठ फिरवून बसलेल्यांचेही त्याने काही राखले नाही.

आपल्या महाराष्ट्रात प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी हातमागात पुष्कळ सुधारणा केल्या होत्या. १९२९ मध्ये महात्माजींच्या प्रेरणेने अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. अटी मोठ्या मार्मिक होत्या. चरखा हलका असावा, खेड्यातील स्त्रीला थकवा न येता आठ तास चालविता यावा, आठ तासांत भरपूर सूत निघावे, आणि किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. किर्लोस्करांच्या साहाय्याने गणेश भास्कर काळे यांनी एक चरखा बनविला. तो कसोटीला पूर्णपणे उतरला नाही, आणि ते पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथांनी गिरणीतील रिंग चातीचे तत्त्व लहान करून चरख्यात आणले, तोच अंबर चरखा. मला त्या अटींतील शब्द नेहमी आठवतात: थकवा न येता. यंत्राची परीक्षा पाहताना प्रथम करणारीच्या थकव्याकडे पाहिलेली अशी परीक्षा मी दुसरी पाहिली नाही.

भगिनींनो, आता मी तुमच्या विषयाकडे येतो. पुरुषमंडळींनी थोडे सबुरीने ऐकावे.

आम्ही म्हणतो की अमुक घराण्यातील अमुक कारागीर करवती काठाचे लुगडे विणीत असे. विणीत असे खरे. पण त्या लुगड्याचा धागा कोणी काढला? ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचे कोसे आपले ढिवर बांधव जंगलातून आणीत. ते सोड्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळायचे. मग माझी आई पाय पसरून बसे, साडी मांडीपर्यंत वर घेई, पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र धरी आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळी. दिवसभर तेच. सायंकाळी जे सूत निघे ते शंभर ग्रॅमसुद्धा भरत नसे. आईच्या उजव्या मांडीवर वीतभर लांबीचा काळा, गुळगुळीत पट्टा पडला होता. पावसाळ्यात तो चिरे, त्यातून पाणी वाहे, आणि त्यावर हळद लावून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसे. हे मी आज भर सभेत बोलतो आहे. ती असती तर तिने मला बोलू दिले नसते. तिला त्याची लाज वाटे. मी चाळीस वर्षे यंत्रे दुरुस्त केली, दांडीवरच्या तुसाचा विचार केला, आणि माझ्या घरातल्या मांडीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. माझा फलकावरचा अन्याय मला आठवत राहिला; हा अन्याय माझ्या नजरेसमोर होता आणि तो मला अन्याय वाटलाच नाही.

ज्याला वाटला, असा एक मनुष्य तेलंगणात आहे. चिंतकिंदी मल्लेशम, पोचमपल्लीच्या बाजूचे, जातीने विणकर, शिक्षण सहावीपर्यंत. त्या भागात साडीवर नक्षी बांधण्यापूर्वी धागा अर्धवर्तुळात रोवलेल्या खुंट्यांभोवती गुंडाळावा लागतो. त्याला आसू म्हणतात. एका साडीला बाईचा हात सुमारे नऊ हजार वेळा पुढेमागे करावा लागतो. मल्लेशम यांच्या आई लक्ष्मी दिवसाला दोन साड्यांचे आसू करीत. खांदा आणि कोपर इतके दुखे की पुढे हे काम आपल्याने होणार नाही असे त्या म्हणू लागल्या. मुलाने १९९२ मध्ये यंत्र करावयास घेतले. पैसा नाही, शिक्षण नाही, गावात चेष्टा. हैदराबादेस विजेचे काम करीत असता एका कारखान्यातील यंत्राची चाल त्यांनी पाहिली आणि अडलेली गाठ सुटली. १९९९ मध्ये यंत्र पूर्ण झाले. त्याला त्यांनी आईचेच नाव दिले: लक्ष्मी आसू यंत्र. चार-पाच तासांचे काम दीड तासावर आले. २०१७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आणि आपल्या कोशाचे? तेही आता झाले आहे, पण आपल्यातील फार थोड्या घरांना ठाऊक आहे म्हणून सांगतो. बंगळूरच्या केंद्रीय रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 'बुनियाद' नावाचे सूत काढण्याचे यंत्र तयार केले. ते तयार करण्यात छत्तीसगडातील चांपा येथील एका उद्योजकाचा सहभाग होता. चांपा म्हणजे परमुलूख नव्हे. आपल्या स्टेशनवरून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की राजनांदगाव, रायपूर, बिलासपूर मागे टाकून त्याच रुळांवर चांपा लागते. २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीस हे यंत्र देशाच्या निरनिराळ्या भागांतील स्त्रियांना वाटण्यात आले. त्या वेळी किंमत सांगितली होती ८,६७५ रुपये, आणि मांडीवर सूत काढणाऱ्या बाईची दिवसाची कमाई सुमारे १२५ रुपये असते ती यंत्रावर सुमारे ३५० रुपये होते, असेही तेव्हा सांगण्यात आले. मी तसे यंत्र जवळून पाहिले आहे. त्यात अद्भुत असे काही नाही. असे यंत्र आपल्यापैकी कोणालाही पूर्वीच करता आले असते, हाच विचार ते पाहताना माझ्या मनाला टोचत राहिला.

तरुण मंडळी मला विचारतात, सगळे शोध तर लागून गेले, आम्ही करावे काय? त्यांना माझे उत्तर असे की कापड हाताळणे हे यंत्राला अजून नीटसे साधलेले नाही. लोखंडाचा तुकडा जेथे ठेवाल तेथे आणि जसा ठेवाल तसा राहतो. कापड राहत नाही. ते वाकते, घसरते, ताणले जाते, दमट हवेत एक आणि कोरड्या हवेत एक वागते. कापलेल्या कापडांच्या थप्पीतून वरचे एकच कापड उचलावे, खालचे त्याला चिकटून येऊ नये, एवढी गोष्ट चार वर्षांची मुलगी बोटांच्या चिमटीने करते. यंत्राला तेथे घाम फुटतो. हवेने ओढून पाहिले, तर विरळ पोतातून हवा आरपार जाते. बारीक सुयांनी टोचून उचलून पाहिले, तर तलम कापडाला भोके राहतात. म्हणून जगभर शिलाईच्या कारखान्यांत अजूनही माणसेच, आणि बहुतेक स्त्रियाच, कापड सुईखाली सारतात. आपल्या करवती काठाचेच घ्या. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा एकमेकांत अडकवीत तीन धोट्यांनी ते विणावे लागते. साधा यंत्रमाग तेथे थांबतो. ज्यांच्या बोटांना हे येते ती माणसे आपल्या घरांत आहेत. त्यांच्या बोटांत काय चालले आहे हे शेजारी बसून पाहणारा, मोजणारा आणि कागदावर मांडणारा मुलगा किंवा मुलगी पाहिजे. पॉलिटेक्निकला आणि आय. टी. आय. ला जाणारी आपली मुले पुष्कळ आहेत. ती सुटीत घरी येतात तेव्हा आजीच्या शेजारी किती वेळ बसतात?

आता कागदाविषयी थोडे व्यवहाराचे. आपल्या देशातील पहिला पेटंटचा अर्ज १८५६ मध्ये कलकत्त्यास झाला, तो पंखा ओढण्याच्या यंत्राचा होता. साहेबाला वारा हवा होता, म्हणून त्या कष्टावर प्रथम यंत्र शोधले गेले! असो. आजचा कायदा १९७० चा, पुढे दुरुस्त झालेला. पेटंट मिळाल्यास अर्जाच्या दिवसापासून वीस वर्षे हक्क राहतो. यंत्र पूर्ण झाले नसले तरी आधी तात्पुरते वर्णन दाखल करून तारीख राखून ठेवता येते, आणि बारा महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावे लागते. व्यक्तीने स्वतः संगणकावरून अर्ज केला तर त्याचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे; तपासणीचे शुल्क निराळे. मुख्य अट ही की अर्जापूर्वी ती वस्तू जगाला दाखवून मोकळे होऊ नये. मी दाखविली होती. शिवाय वाडवडिलांपासून चालत आलेली रीत जशीच्या तशी लिहून दिली तर तिला पेटंट मिळत नाही. तीत स्वतःची नवी युक्ती पाहिजे. आपला भाग मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे येतो, आणि या विषयाचे शिक्षण देणारी केंद्र शासनाची संस्था नागपुरातच आहे. एखाद्याने तेवढा प्रवास करावा.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे छापते. फार चांगली गोष्ट आहे. माझ्या नातीचेही छायाचित्र गेल्या वर्षी आले होते. माझी विनंती एवढीच की त्या निधीतून एक लहानशी रक्कम गुणांसाठी न ठेवता अवजारासाठी ठेवावी. ज्या मुलामुलीने घरातील एखाद्या कष्टाच्या कामावर काही तरी बनविले, मग ते मोडके का असेना, चालत नसले तरी का असेना, त्याला लोखंड, मोटार आणि अर्जाचे शुल्क मंडळाने द्यावे. कार्यकारिणीतील काही सदस्यांशी मी याविषयी बोललो आहे. हिशेब कसा ठेवणार, मोडक्या वस्तूला पैसे दिले तर लोक काय म्हणतील, अशी त्यांची शंका आहे. ती रास्त आहे. त्यावर मला सुचते ते असे, की वहीत चित्र आणि तारीख असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोडक्या वस्तूचा हिशेब त्या वहीतच सापडेल, आणि ती वही पुढे मुलाच्या उपयोगी पडेल. पहिल्या वर्षासाठी माझ्याकडून पाच हजार रुपये मी चिटणिसांकडे आजच दिले आहेत. त्याला माझ्या आईचे नाव द्यावे असा आग्रह कोणी धरू नये. तिला ते आवडले नसते.

माझ्या घरामागे एक पत्र्याची खोली आहे. तीत एक जुना लेथ, एक शेगडा आणि छिद्र पाडण्याचे यंत्र आहे. रविवारी सकाळी मी तेथे असतो. पत्ता चिटणिसांपाशी मिळेल.

बाहेरच्या मंडपात मी एक लाकडी चौकट आणून ठेवली आहे. तिच्यावर कोशाचे बारा धागे ताणले आहेत, बारा पट्ट्या टांगल्या आहेत, खाली दोन तारा, एक टॉर्चचा सेल आणि एक घंटी जोडली आहे. कात्रीही ठेवली आहे. कोणताही धागा कापावा, घंटी वाजेल. धागे बारांच आहेत, तेव्हा मुलांना आधी येऊ द्यावे.